आधी निदान, मग दुरुस्ती

मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनाने हूं की चूं करू नये, असा प्रसंग आला म्हणजे घरोघर एकच निकाल ऐकू येतो : ‘सेल्फ गेला!’ स्टार्टर मोटर हे त्या भागाचे पुस्तकी नाव. परंतु गॅरेजात आणि घरात त्यास ‘सेल्फ’ असेच म्हणतात, म्हणून आम्हीही या लेखात तोच शब्द वापरणार आहोत. निकाल लागला की अंमलबजावणीसही विलंब होत नाही. जुना सेल्फ काढला जातो, नवा बसविला जातो, काही हजार रुपये खर्ची पडतात. आणि पुष्कळदा असे होते की, पंधरवडा उलटण्यापूर्वीच तीच गाडी त्याच दारात पुन्हा मुकी होऊन उभी राहते. कारण दोष सेल्फात नव्हताच. तो बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढुरक्या-हिरव्या क्षारात होता, किंवा अर्थच्या तारेचा बोल्ट सैल झाला होता. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपल्या भाषेत उगीच रूढ झालेली नाही.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. दोष कोठे आहे हे पाहिल्यावाचून कोणताही भाग बदलू नये. आणि हे पाहण्याचे काम दहावीच्या वर्गात बसणारा कोणताही विद्यार्थी व कोणतीही विद्यार्थिनी, घरातील वडीलधाऱ्या माणसांस बरोबर घेऊन, आपल्या अंगणात करू शकते. दुरुस्ती ज्याच्या त्याच्या हाताला झेपेल तेवढीच करावी. निदान मात्र घरीच करावे. मोटारीच्या निमित्ताने आम्ही हे सांगत आहोत खरे. परंतु आमचा खरा रोख मोटारीवर नसून आपल्या शिक्षणावर आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम हा सेल्फ म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलचे इंजिन आपण होऊन फिरू लागत नाही. कोणीतरी त्यास पहिले काही फेरे द्यावे लागतात. पूर्वी हे काम मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून हाताने करीत असत. इंजिन कधी उलटे झटकले तर हँडल मनगटावर आदळे आणि हाड मोडे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगास वैद्यकात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचा अस्थिभंग, असे नाव आहे. ते याच हँडलाची आठवण होय. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविण्यात आला. तत्पूर्वी अनेकांस वाटे की, इंजिन फिरविण्यास फार मोठी विजेची मोटर लागेल आणि ती गाडीत मावणार नाही. केटरिंग यांनी ओळखले की, हे काम केवळ काही क्षणांचे आहे. जी लहान मोटर दिवसभर एवढा भार वाहू शकणार नाही, तीही काही सेकंद तो सहज वाहील. तिला पुढे विसावा मात्र मिळाला पाहिजे. आजही सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, असे जे सांगतात, त्याचे मूळ या विचारात आहे.

सेल्फाची रचना विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आपण जी विद्युत्-मोटर शिकतो, तिच्याहून तत्त्वतः वेगळी नाही. चुंबकीय क्षेत्रात विद्युत्-प्रवाह वाहणारा तारेचा वेढा ठेवला की त्यावर बल कार्य करते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आपण परीक्षेत लिहितो, तोच येथे बॉनेटखाली राबत असतो. फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर. आणि त्यावर टेकून राहणारे, प्रवाह पोहोचविणारे ब्रश, ज्यांस गॅरेजात ‘कार्बन’ म्हणतात. सेल्फाच्या पाठीवर एक लहान नळकांडे असते, ते सोलेनॉइड. किल्ली फिरविली की एका बारीक तारेतून सोलेनॉइडला थोडा प्रवाह मिळतो. त्याचा लोहगाभा आत ओढला जातो आणि एका वेळी दोन कामे करतो : सेल्फाचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवितो, आणि तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरीत सोडतो. आपण जो ‘टक’ असा आवाज ऐकतो, तो या गाभ्याचा. इंजिन सुरू झाल्यावर एकाच दिशेने पकड घेणारा क्लच सेल्फास इंजिनाच्या वेगापासून वाचवितो.

एवढे ध्यानी आले की निदानाची निम्मी वाट संपली. कारण बिघडलेली गाडी मुकी नसते, ती आपल्या परीने बोलत असते. किल्ली फिरविताच ‘टक-टक-टक’ असा भरभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा एखादा जोड सैल असतो. सोलेनॉइड ओढला जातो, मोठा प्रवाह सुरू होताच दाब कोसळतो आणि गाभा सुटतो, असे पुनःपुन्हा होत राहते. एकदाच ठळक ‘टक’ होऊन सारे शांत झाले, तर सोलेनॉइडचे जळके संपर्क, झिजलेले कार्बन किंवा अडकलेले आर्मेचर यांचा संशय घ्यावा. काहीच आवाज नाही, तर किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, बारीक तार किंवा स्वतः सोलेनॉइड यांकडे वळावे; गिअर न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज अथवा क्लच दाबल्याखेरीज सुरू न होणाऱ्या गाड्यांत त्यासाठी बसविलेला स्विचही तपासावा. सेल्फ ‘घुंई’ करून फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर एकदिशी क्लच घसरत आहे. खरखर घासल्याचा आवाज आला, तर दाते झिजले आहेत. आणि किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर सोलेनॉइडचे संपर्क एकमेकांस चिकटले आहेत. अशा वेळी विचार करीत न बसता बॅटरीची ऋण तार काढावी.

कान झाल्यावर डोळ्यांची पाळी. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम विझल्यासारखे झाले, तर बॅटरी दुबळी आहे, जोड वाईट आहे किंवा सेल्फ जाम होऊन अतोनात प्रवाह ओढीत आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि केवळ ‘टक’ झाले, तर प्रवाह मोटरीत पोहोचतच नाही.

येथे पुष्कळांची एक समजूत आड येते. ते म्हणतात, ‘दिवे लागतात, भोंगा वाजतो, म्हणजे बॅटरी आणि तारा ठीक आहेत, तेव्हा दोष सेल्फाचाच.’ ओहमच्या नियमाने ही समजूत दोन ओळींत खोडून काढता येते. समजा, गंजलेल्या टर्मिनलचा रोध अवघा ०.०१ ओहम आहे. अर्धा अँपिअर घेणाऱ्या लहान दिव्यासाठी तेथे ०.००५ व्होल्ट एवढाच दाब खर्च होईल. दिव्यास त्याची गंधवार्ताही लागणार नाही. परंतु लहान मोटारीचा सेल्फ साधारण दीडशे अँपिअर ओढतो. म्हणजे त्याच टर्मिनलवर दीड व्होल्ट नाहीसा होतो आणि २२५ वॅट इतकी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. किल्ली सोडल्यावर जपून हात लावला तर ते टर्मिनल गरम लागते, ते यामुळेच. दिवा हा सेल्फाचा साक्षीदार होऊ शकत नाही, हे ज्या विद्यार्थ्यास या आकड्यांवरून पटले, त्यास ओहमचा नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

आता मापन. यास एक साधा मल्टीमीटर पुरे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांत सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पुष्कळच उतरली आहे आणि प्रथम भरून घेतली पाहिजे. उतरलेल्या बॅटरीवर पुढील कोणतीही परीक्षा घेण्यात अर्थ नाही. त्यानंतर एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मापक पाहावा. सेल्फ ओढत असताना बॅटरीचा दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग मापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून पुन्हा किल्ली फिरवावी. येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर अर्थच्या मार्गात अडथळा आहे. त्याचप्रमाणे धन खुंटी व सेल्फाचे जाड टर्मिनल यांच्यात पाहावे. शेवटी सोलेनॉइडच्या बारीक तारेवर किल्ली फिरविताना दाब येतो की नाही ते पाहावे : दाब नीट येऊनही ‘टक’ होत नसेल तर सोलेनॉइड दोषी, दाब येतच नसेल तर सेल्फ निर्दोष आणि स्विचाकडची वाट सदोष. एवढ्या परीक्षांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि त्या झाल्यावर ‘वाटते’ हा शब्द जाऊन ‘आहे’ हा शब्द येतो. हा आमच्या मते लहान बदल नव्हे.

दोष सापडल्यावर घरी काय करावे? बेळगावसारख्या चार महिने पाऊस झेलणाऱ्या गावी पहिले औषध स्वच्छतेचे. प्रथम ऋण तार सोडवावी, मग धन. जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण तार सर्वांत शेवटी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशाने क्षार धुवावा, बॅटरीच्या आत एक थेंबही जाऊ देऊ नये, कोरडे करून तांबे चकचकीत घासावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी अर्थची पट्टीही अशीच साफ करावी. गाडीचे दुखणे एवढ्यानेच बरे झाले, तर नव्या सेल्फाचा खर्च वाचला.

दोष सेल्फातच निघाला, तर घरातील जाणत्या माणसाने तो उतरविण्यास हरकत नाही. मात्र गाडी जुनी व हमीची मुदत संपलेली असावी, आणि सेल्फ वरून हाताला येणारा असावा. आत पाहण्याजोग्या गोष्टी थोड्याच असतात. कार्बन निम्म्याहून अधिक झिजले असतील तर बदलावेत; ते आपल्या घरट्यात मोकळे सरकतात की नाही आणि स्प्रिंग जोरकस आहे की नाही ते पाहावे. सेल्फावर लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर गाडी सुरू होते, हा चमत्कार नव्हे; झिजलेले किंवा अडकलेले कार्बन क्षणभर जागेवर बसतात, एवढाच त्याचा अर्थ. तो उपाय नसून इशारा आहे. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने पुसावा. एमरीचा कागद वापरू नये, कारण त्याचे कण पट्ट्यांच्या फटींत बसून त्रास देतात. तांब्याच्या पट्ट्या आणि आर्मेचरचा लोखंडी दांडा यांच्यात प्रवाह जाता कामा नये. गेला तर आर्मेचर जळाले, आणि तेथे घरची दुरुस्ती संपली. बुश बदलणे, वेढे गुंडाळणे, डाग देणे ही कामे मेस्त्रींची. ती त्यांच्याकडेच न्यावीत.

आता सावधगिरी, आणि हा परिच्छेद कोणीही वगळू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ काडी, विडी, ठिणगी नको. आतील द्रव म्हणजे गंधकाम्ल. डोळ्यांवर चष्मा हवा. हातातील अंगठी, कडे, धातूचा घड्याळपट्टा आधी काढून ठेवावा. पान्ह्याबरोबर तो दोन टोकांमध्ये सापडला तर क्षणात लाल होतो. परीक्षा घेताना गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला. आणि पेचकसाने सेल्फाची दोन टोके जोडून गाडी सुरू करण्याची जी करामत रस्त्यावर दिसते, ती विद्यार्थ्यांनी कदापि करू नये. गिअरमध्ये राहिलेली गाडी अशा वेळी समोरच्या माणसावर झेप घेते. वडीलधारे जवळ नसताना यांपैकी काहीच करावयाचे नाही. धाडस आणि बेपर्वाई यांत फरक आहे, आणि तो हातून अपघात होण्यापूर्वीच कळला पाहिजे.

आमच्या या मतावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणून आहोत. पहिला आक्षेप असा की, आजच्या गाड्यांत जागोजागी संगणक आहेत. तेथे घरच्या मल्टीमीटरचे काय चालणार? आक्षेपात तथ्य आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीची ओळख न पटल्यानेही सेल्फ गप्प राहतो, आणि ते दुखणे अंगणात बरे होत नाही. परंतु संगणक आला म्हणून बॅटरीचे टर्मिनल गंजावयाचे थांबले नाही, आणि ओहमचा नियमही रद्द झाला नाही. दुसरा आक्षेप, यामुळे मेस्त्रींच्या पोटावर पाय येईल. आम्हांस तसे वाटत नाही. ‘गाडी सुरू होत नाही’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा ‘अर्थवर दीड व्होल्ट पडतो आहे’ असे सांगणारे गिऱ्हाईक प्रामाणिक कारागिरास अधिक प्रिय असते. न पाहता भाग बदलणाऱ्याची अडचण होईल. पण ती व्हावयासच हवी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारींचाही अंतर्भाव केला. उपक्रम स्वागतार्ह आहे. तथापि ज्यास दोष ओळखता येत नाही, त्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार देऊन काय उपयोग?

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तोच आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो : ‘मुलांनी अभ्यास करावा, हात काळे करण्यास माणसे आहेत.’ या एका वाक्यात आपल्या समाजाचे जुने दुखणे साठलेले आहे. ज्याच्या हातात पुस्तक, त्याने पान्ह्याला शिवावयाचे नाही. ज्याच्या हातात पान्हा, त्याला पुस्तक कोणी द्यावयाचे नाही. परिणामी एकाचे ज्ञान परीक्षेपुरते उरते आणि दुसऱ्याचे कसब अंदाजापुरते. बेळगावकरांनी तरी असे म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकणे व दुरुस्त करणे या कामातून वाढत वाढत त्यांची मजल कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत व लोखंडी नांगरापर्यंत गेली. आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मोडलेली वस्तू उघडून पाहणारा हात आणि तिच्या मोडण्याचे कारण विचारणारे डोके एकाच माणसापाशी होते, म्हणून ते घडले. आज उद्यमबागेत जी यंत्रे धडधडत आहेत, त्यांनाही उद्या अशीच माणसे हवी आहेत.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच की, पुढच्या वेळी गाडी अडून बसली तर मुलास आणि मुलीस, दोघांनाही, पुस्तकावरून उठवून बाहेर बोलवा. एकाच्या हाती मापक द्या, दुसऱ्यास आकडे लिहून घेण्यास सांगा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही घाई करू नका. आवाज ऐका, मोजा, लिहा आणि मग बोला. जे आज मोटारीविषयी ‘सेल्फ गेला’ असे न पाहता म्हणणार नाहीत, ते उद्या माणसांविषयी आणि समाजाविषयीही न पाहता निकाल देणार नाहीत, अशी आमची खात्री आहे. गाडी आज ना उद्या सुरू होईलच. ही सवय मात्र ज्या वयात लागावयाची, त्याच वयात लागली पाहिजे.